मझललोडरसाठी स्कोप : झूम कमीच बरा

मझललोडरला (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) कोणता स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावावा यावर वर एकाने ४-१६x५० (४ ते १६ पट झूम, म्हणजे पॉवर, आणि पुढची काच ५० मिमी) घ्या असं सुचवलंय, ते मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेत ओहायोत मझललोडरने शिकारीचा सीझन जानेवारीत असतो, झाडीत व्हाइटटेल (हरीण) दिसतो तो बऱ्याचदा ५०-७० यार्डांवर आणि तोही पहाटे नाहीतर अंधार पडता पडता, तिथे १६ पॉवरचं काय करणार? साधा २-७ किंवा ३-९x४० घ्या. हिशोब सोपा आहे, ४० ला पॉवरने भागा, ४ वर ठेवलात तर डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत १० मिमीचा आणि ९ वर नेलात की साडेचारच्याही खाली, म्हणजे संधिप्रकाशात साधारण ६ पॉवरच्या पुढे झूम जितका वाढवाल तितकं चित्र काळवंडत जाणार.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा स्कोपच्या मागच्या काचेपासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर. १०० ग्रेन (दारू-गोळीचं छोटं माप) पावडर आणि २५० ग्रेनची गोळी म्हटलं की धक्का चांगलाच बसतो, चार इंचाच्या आसपास आय रिलीफ नसेल तर भुवई फुटू शकते, प्लीज यात तडजोड करू नका.

बीडीसी रेटिकलवाल्यांनी (स्कोपमधल्या नेमाच्या रेषांवर लांबच्या अंतरासाठी जादा खुणा असतात ते) एक लक्षात घ्या, त्यातल्या खुणा ठरावीक लोडसाठी, म्हणजे दारू आणि गोळीच्या ठरावीक जोडीसाठी, असतात, तुमच्या लोडवर रेंजला जाऊन बघितल्याशिवाय त्यांच्यावर विसंबून हरणावर गोळी झाडू नका, १०० यार्डांवर झीरो केलेली (नेम जुळवलेली) बंदूक २०० वर फूटभर खाली मारू शकते आणि मग जनावर जखमी होऊन पळतं.

आणि हो, कोलोरॅडोला जाणार असाल तर तिथे मझललोडर सीझनमध्ये स्कोप चालतच नाही, पैसे घालण्याआधी त्या राज्याचे नियम वाचा.