शब्दचर्चा : ‘मोघम’ की ‘संदिग्ध’?

विचारणा : मी नागपुरात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, टिपणं मराठीत काढते. ‘व्हेगनेस’मुळे कोर्ट कायदा रद्द करतं, तिथे एका पुस्तकात ‘संदिग्धता’ असं दिलंय. मनाला पटत नाही. दुसरा शब्द?

उत्तर : ‘मोघम’, ताई. सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करण्यात माझी उमर गेली, आणि या दोन शब्दांची गल्लत मला फार खुपते. ‘आईने मावशीला तिच्या घरी पाठवलं’ हे वाक्य संदिग्ध. घर आईचं की मावशीचं? अर्थ दोनच, एक ठरला की काम झालं. आता आमच्या सोसायटीचा फळा पहा : ‘फार उशिरा गेट वाजवू नये, दंड ५०० रुपये.’ फार उशीर म्हणजे दहा की साडेअकरा? ते चौकीदार ठरवतो, तेही माणूस पाहून. रात्रपाळीहून येणाऱ्या नर्सबाईंना दंड लागला, लग्नाहून परतलेल्या अध्यक्षांना नाही. हे मोघम. काय टाळायचं ते आधी कळत नाही, आणि अंमलदाराला रान मोकळं.

नागपूर राजधानी होतं तेव्हाचा, १९४६ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा गुंड कायदा घ्या. गुंड म्हणजे मवाली, दांडगट, भटक्या. शांततेला धोकादायक माणूसही त्यातच. अशाला हद्दीबाहेर घालवता येई. पण अमुक माणूस गुंड आहे हे ठरवायचं कशावरून, याची कसोटीच कायद्यात नव्हती. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो टिकू दिला नाही.

शंका : भाऊ, ‘मोघम’ बोलीतला वाटतो. आणि शब्द तर सगळेच थोडे सैल असतात, मग कोणता कायदा उरेल?

उत्तर : वकील लेखी जबाबात ‘आरोप मोघम स्वरूपाचे आहेत’ असं रोज लिहितात, तेव्हा कोर्टाला तो परका नाही. दुसरी शंका रास्त आहे. पूर्वी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती असलेल्या हिदायतुल्लांनी १९७० मध्ये, सिनेमाच्या सेन्सॉरच्या खटल्यात, तिचं उत्तर दिलं : शब्दाला निश्चित अर्थ लावता येत असेल तर कायदा वाचवा, राबवणारेच अनिश्चिततेच्या अथांग समुद्रात असतील आणि मूलभूत स्वातंत्र्य जात असेल, तर तो घटनेविरुद्ध. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन पाठवलेल्या मजकुराबद्दलचं कलम ६६अ असंच गेलं, २४ मार्च २०१५ ला. ‘त्रास’, ‘गैरसोय’ अशा शब्दांवर तीन वर्षांपर्यंत कैद होती!

विचारणा : मग ‘कलम मोघमपणामुळे रद्द केले’ लिहू?

उत्तर : ‘मोघमपणामुळे घटनाबाह्य ठरवले’ लिहा. ‘रद्द’ म्हटलं की कलम पुस्तकातूनच गेलं असं वाटतं. विधिमंडळ कायदा काढून टाकतं ते निरसन. कोर्ट फेटाळतं ती याचिका. घटनाबाह्य ठरलेलं कलम पुस्तकात छापलेलं राहतंच. म्हणून तर ६६अ खाली पोलीस पुढेही गुन्हे नोंदवत राहिले, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला त्यावर धक्का व्यक्त करावा लागला.