मदत हवी आहे: सातवीची मुलं अजूनही छेदांची बेरीज करतात

आमची सहावी ते आठवीची छोटी खासगी शाळा आहे. प्रत्येक विषयाला एकच शिक्षक, त्यामुळे अडलं तर विचारायला गणिताचं दुसरं कोणी नाही. मी मुळात विज्ञानाची. वर्षाच्या मध्यात सातवीचं गणितही माझ्याकडे आलं.

अडचण अशी: निम्मा वर्ग १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहितो. अंशात अंश, छेदात छेद. कागदाच्या पट्ट्या दिल्या की हीच मुलं सहा समान भाग करून ३/६ + २/६ = ५/६ बरोबर दाखवतात. पट्ट्या बाजूला ठेवल्या, की वहीत पुन्हा २/५. २/५ तर १/२ पेक्षाही लहान आहे, मग बेरीज मुळातल्या संख्येपेक्षा कमी कशी आली, हे विचारलं की मुलं गप्प होतात. मला खरी काळजी त्या गप्प होण्याची वाटते. लसावि काढायची रीत त्यांना पाठ आहे, पण ती कधी वापरायची ते कळत नाही. संख्यारेषाही करून पाहिली. काहींना पटली, बहुतेकांना नाही.

उरलेला अर्धा वर्ग पुढे गेलाय, त्यांना थांबवता येत नाही. शाळा सुटल्यावर जादा तास शक्य नाही, वर्गात प्रोजेक्टर नाही, आणि पुढच्या धड्यांना हेच लागणार आहे.

ज्यांनी हा वयोगट शिकवलाय त्यांना विचारते: पट्ट्यांवरून वहीतल्या आकडेमोडीकडे जाताना मधली पायरी कोणती घेता? आणि आधी सममूल्य अपूर्णांक पक्के करावेत, की उत्तराचा अंदाज बांधायची सवय लावावी?