पहाटे पाचला उठलं की मन ठणठणीत?

तिरपागडी
परवा पहाटपाखरू यांनी 'मन आजारी पडतं ते आळशी माणसाचं' असा लेख टाकला. पाचला उठा, अर्धा तास चाला, रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा, की डिप्रेशन फिरकणार नाही. खाली नुसती वाहवा. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

चार वर्षांपूर्वी आंघोळीला जायचं म्हणून टॉवेल घेऊन पलंगाच्या कडेला बसले. पाऊण तासाने टॉवेल मांडीवर तसाच. बाथरूम सहा पावलांवर. याला आळस म्हणता? आळसात सुख असतं हो! इथे मी स्वतःला शिव्या घालत होते आणि पाय हलत नव्हते. ज्या उमेदीवर तुमची यादी पार पाडायची, ती उमेदच या आजारात आधी जाते. वर वही कोरी राहिली की तोही गुन्हा आपल्याच नावावर.

शेवटी बहिणीने ओढत डॉक्टरांकडे नेलं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, २७ पैकी गुण. माझे २१. थायरॉईड तपासलं (तो कमी असला तरी असंच मरगळायला होतं), मग गोळ्या. गोळ्यांचा गुण यायला पाच आठवडे लागले. तुमच्या यादीत डॉक्टर हा शब्द एकदाही नाही.

पहाटपाखरू
ताई, शीर्षक जरा भडक झालं, मान्य. पण लेख धडधाकट माणसांसाठी होता. नोकरी गेली तेव्हा मी रोज चालून सावरलो, एक गोळी घेतली नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. हल्ली जरा मन खट्टू झालं की गोळी! आणि ती एकदा लागली की सुटत नाही.

तिरपागडी
धडधाकटांसाठी होता, तर शीर्षकात 'आजारी' कोण? तुम्ही सावरलात, आनंद आहे. पण तुम्हाला झालेलं दुःख होतं, आजार नव्हता.

पहाटपाखरू
हे तुम्ही कोण ठरवणार? तुम्हीच म्हणता डॉक्टरकडे जा, आणि इथे बसल्या बसल्या माझं निदान!

तिरपागडी
बरं. ते चुकलं माझं.

सावली
"एकदा लागली की सुटत नाही" हे वाचून अंगाचा तिळपापड झाला. असंच काहीतरी ऐकून माझ्या नवऱ्याने मनाने गोळ्या बंद केल्या. डबीचे सोमवार ते रविवार कप्पे मी भरायचे, तो रोजची गोळी उशीच्या अभ्र्यात टाकायचा. अभ्रा धुवायला काढला तेव्हा अकरा निघाल्या. तोवर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं, रात्र रात्र जागरण. डिप्रेशनच्या या गोळ्यांची चटक लागत नाही, पण एकदम तोडल्या की शरीर गोंधळतं. डॉक्टरांनी पुन्हा सुरू करून नंतर हळूहळू कमी केल्या. सुटल्या की!

खवट काका
दोघांचं चालू द्या. माझं दुखणं वेगळं. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत 'मनःस्वास्थ्य सत्र' ठेवलं. डोळे मिटा, श्वास मोजा. त्याच रात्री साडेअकराला साहेबांची मेल: सकाळी नऊला आकडे हवेत. श्वास मोजू की आकडे? बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणाने पार पिचून जाण्याला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये कामाशी निगडित बाब म्हटलंय, आजार नव्हे. म्हणजे दुरुस्ती कामात करायची. पण उपदेश ऐकायचा कर्मचाऱ्याने. बाकी आमच्या वेळी डिप्रेशन वगैरे नव्हतं.

सावली
होतं काका. 'फार शीघ्रकोपी', 'कुणात मिसळत नाही' म्हणायचे त्याला.

घुबड
अवांतर: त्या पाच वाजण्याचं कुणीतरी बघा हो. शरीराचं घड्याळ प्रत्येकाचं वेगळं, बऱ्याच अंशी जन्मजात. २०१७चं वैद्यकाचं नोबेल याच घड्याळाच्या यंत्रणेवर होतं. मी सहा महिने पाचला उठलो, पण झोप एकच्या आत येईना. एका मीटिंगमध्ये प्रिंटर चालत नाही म्हणून रडलो. प्रिंटरसाठी!

पहाटपाखरू
रात्री एकपर्यंत मोबाईल घासायचा आणि दोष जन्मजात घड्याळाला. छान.

घुबड
माझ्या पलंगाखाली येऊन बसला होतात का? मोबाईल दहालाच बंद करतो मी.

नुसताच वाचक
भांडू नका. माझा निद्रानाशाचा दोन वर्षांचा अनुभव आहे. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडायचं, मंद उजेडात कंटाळवाणं काहीतरी करायचं, डोळे मिटायला लागले की परत. उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेलेली असो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२मध्ये मांडलेली पद्धत. पहिला आठवडा भयंकर गेला. कॅफीन दुपारनंतर बंद, कारण पाचेक तासांनीही त्यातलं साधारण निम्मं अंगात असतं. आणि झोपेसाठी दारू घेणाऱ्यांनो, ती लवकर झोपवते, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

पहाटपाखरू
म्हणजे रोज ठरल्या वेळी उठणं आलंच की!

घुबड
ठरल्या वेळी. पाचला नव्हे. माझे साडेसात.

पहाटपाखरू
बरं बाबा, साडेसात. लेखात दुरुस्ती करतो. शीर्षकही बदलतो. खूश?

तिरपागडी
झोपेच्या चर्चेत धागा वाहून गेला, पण एक कबूल करते, नाहीतर खोटेपणा होईल. गोळ्यांसोबत समुपदेशकही होत्या. त्यांनी पहिलं काम दिलं ते टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारापर्यंत जायचं. आंघोळ नाही केली तरी चालेल. उमेद आल्यावर हालचाल करायची नाही, हालचाल आधी, उमेद मागून येते, असं म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी नळ सोडला.

पहाटपाखरू
म्हणजे चालणंच!!

तिरपागडी
हो, चालणंच. सहा पावलं. जाणकाराने मोजून दिलेली, आणि न जमल्यास आळशी न म्हणता.

सावली
पहाटपाखरू, दुरुस्ती करताय तर एवढंही घाला: जगावंसं वाटत नाही असं कुणी बोललं, तर वही, चालणं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. ताईंनी सांगितलेल्या चाचणीतला नववा प्रश्न तोच असतो. मी तो नवऱ्याला विचारायला घाबरत होते. विचारल्यावर तो म्हणाला, बरं झालं विचारलंस.

पहाटपाखरू
घालतो. सगळ्यात वर.

खवट काका
मोबाईल खोलीबाहेर ठेवायचा म्हणून गजराचं घड्याळ आणलं. आता टिकटिकीने झोप येत नाही. उपाय?

नुसताच वाचक
तेही खोलीबाहेर ठेवा. वाजलं की उठून जावंच लागतं.