मदत हवी आहे: जर्मन सप्लायर म्हणतो निर्बंध, रशियन गिऱ्हाईक म्हणतं भरपाई, मध्ये आम्ही

नमस्कार मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, हायड्रॉलिक पॉवरपॅक (तेलाच्या दाबावर यंत्रं चालवणारा संच) बनवतो, वडिलांनी सुरू केलेलं, चौदा माणसं कामाला. नोव्हेंबर 2021 मध्ये एका रशियन कंपनीची 12 पॉवरपॅकची ऑर्डर मिळाली, आमच्यासाठी फार मोठी. करारात व्हॉल्व्हचं मेक लिहिलेलं होतं, जर्मन. त्या जर्मन कंपनीला व्हॉल्व्हसाठी 30 टक्के अॅडव्हान्स लगेच पाठवला, आणि रशियन पार्टीला आमच्या बँकेने 10 टक्क्यांची परफॉर्मन्स गॅरंटी (आम्ही काम पुरं केलं नाही तर बँक पैसे देईल अशी हमी) दिली.

मग फेब्रुवारी 2022 उजाडला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि निर्बंध आले. जर्मन कंपनीने आधी 'थांबा' म्हटलं, वर्षभर थांबवलं, आणि मार्च 2023 मध्ये लेखी कळवलं की माल रशियात वापरला जाणार असल्यामुळे युरोपियन युनियनच्या रेग्युलेशन 833/2014 खाली देता येत नाही, आणि त्याच रेग्युलेशनच्या कलम 11 प्रमाणे तुमचा कुठलाही क्लेम, अॅडव्हान्स धरून, आम्ही मान्य करू शकत नाही.

इकडे रशियन पार्टी इतके दिवस मुदत वाढवून देत होती, आता वकिलाची नोटीस आली. भरपाई द्या नाहीतर चायनीज व्हॉल्व्ह बसवून द्या, आम्हाला चालेल. आणि बँकेला पत्र, गॅरंटीची मुदत वाढवा नाहीतर पैसे द्या.

आठ पॉवरपॅक तयार आहेत हो. टाकी, मोटर, पंप, मॅनिफोल्ड सगळं बसलंय, फक्त व्हॉल्व्हच्या जागी निळ्या प्लास्टिकच्या टोप्या. प्लायवूडच्या पेट्यांवर रशियन अक्षरांत मार्किंगसुद्धा करून ठेवलंय. वडील रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहतात, मला ते बघवत नाही.

आमचे इथले वकील म्हणाले कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम 56 आहे, करार अशक्य झाला, संपला विषय. खरंच इतकं सोपं आहे का? आणि जर्मनांना जसं कलम 11 आहे तसं आम्हाला काही संरक्षण आहे का?

प्रतिसाद: समुद्रपक्षी

आधी सांगा, रशियन करारात कायदा कुठला आणि आर्बिट्रेशन (कोर्टाऐवजी लवादापुढे निवाडा) कुठे? सगळं त्यावर आहे.

धागाकर्ता

कायदा इंग्लंडचा, आर्बिट्रेशन सिंगापूर. त्यांनीच ड्राफ्ट पाठवला होता, आम्ही सही केली. फोर्स मेज्युअरचं (हाताबाहेरच्या कारणाने काम अडलं तर सूट देणारं) कलम आहे, त्यात 'वाजवी प्रयत्न' करायचे असं लिहिलंय. डिलिव्हरी एफओबी न्हावा शेवा, म्हणजे तिथे जहाजावर माल चढवेपर्यंत जबाबदारी आमची.

प्रतिसाद: समुद्रपक्षी

मग कलम 56 बाजूला ठेवा, ते भारतीय कायद्याचं आहे आणि तुमचा करार इंग्लिश कायद्याखाली आहे. मी शिपिंगच्या क्लेम्समध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जर्मन कंपनीने कलम 11 तुमच्या तोंडावर फेकलंय पण ते नीट वाचा. त्यात म्हटलंय की निर्बंधांमुळे अडलेल्या करारावरचे क्लेम पुरे करायचे नाहीत, जर ते यादीतल्या संस्थांनी, रशियन व्यक्ती-कंपन्यांनी, किंवा त्यांच्यामार्फत वा त्यांच्या वतीने कुणी केले असतील तर. तुम्ही भोसरीची कंपनी, स्वतःच्या खिशातला अॅडव्हान्स मागताय. ते 'रशियनांच्या वतीने' आहे असं ते म्हणून बघतील, आणि हा क्लेम बंदीत बसत नाही हे दाखवायची जबाबदारी त्याच कलमाने क्लेम करणाऱ्यावर टाकलीय. म्हणून अॅडव्हान्स तुमच्याच खात्यातून गेला त्याचे बँकेचे कागद आत्ताच काढा. माल देता आला नाही म्हणून नुकसानभरपाई मिळणं अवघड, पण माल न देता पैसे ठेवून घेणं ही वेगळी गोष्ट. जर्मन कायद्यात, बीजीबीच्या (त्यांच्या नागरी संहितेच्या) कलम 326 मध्ये, असे पैसे परत मागता येतात. मुदत साधारण तीन वर्षं, वर्षाच्या अखेरीपासून मोजतात, ती तारीख चुकवू नका.

आता रशियन बाजू, आणि इथे दुखतं. तुमच्यावर युरोपचा कायदा लागू नाही आणि भारताने रशियावर निर्बंध लावलेले नाहीत, म्हणून जर्मनांची ढाल तुम्हाला नाही. इराकच्या वेळी वेगळं होतं. 1990 चा निर्बंधांचा ठराव 661 सुरक्षा परिषदेचा होता, आणि 1991 च्या ठराव 687 च्या परिच्छेद 29 मध्ये सगळ्याच देशांना सांगितलं होतं की या निर्बंधांमुळे अडलेल्या करारांवर इराकचे क्लेम चालू द्यायचे नाहीत. रशियाबाबत तसा ठराव नाही, त्यामुळे मधल्या देशातला छोटा माणूस दोन्हीकडून सापडतो.

तुमचा खरा आधार ते फोर्स मेज्युअरचं कलम. 15 मे 2024 ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने आरटीआय विरुद्ध एमयूआर शिपिंग मध्ये निकाल दिलाय. आरटीआय ही जहाज भाड्याने घेणारी कंपनी, एमयूआर जहाजवाली. गिनीतून युक्रेनला बॉक्साइट न्यायचं होतं, भाडं डॉलरमध्ये ठरलेलं, 2018 मध्ये अमेरिकेने आरटीआयच्या मालक कंपनीवर निर्बंध लावले. आरटीआय म्हणाली युरोमध्ये घ्या, वरचा खर्चही देतो. जहाजवाल्यांनी नाही म्हटलं, आणि कोर्टाने त्यांची बाजू धरली: वाजवी प्रयत्न म्हणजे करारात नसलेली गोष्ट स्वीकारणं नव्हे. तुमच्या करारात जर्मन मेक लिहिलंय, चायनीज व्हॉल्व्हची ऑफर त्याच प्रकारात बसते असं मांडता येईल. पण फोर्स मेज्युअरची नोटीस करारातल्या मुदतीत दिली होती का?

धागाकर्ता

एप्रिल 2022 ला ईमेल केला होता, 'सप्लायरकडून निर्बंधांमुळे उशीर' असा. फोर्स मेज्युअर शब्द नाही त्यात.

प्रतिसाद: पिंपरीची वकील

तो ईमेल जपा, त्यावर बरंच अवलंबून आहे. नोटीस कशी द्यायची हे करारात कसं लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा.

गॅरंटीबद्दल वाईट बातमी. आपली कोर्टं बँक गॅरंटीवर स्टे सहसा देत नाहीत, उघड फ्रॉड किंवा कधीच भरून न येणारं नुकसान दाखवावं लागतं, 'माझी चूक नव्हती' एवढं पुरत नाही. मुदत वाढवून देणं हाच तात्पुरता मार्ग, त्या वेळात तोडगा काढा. आणि रशियाने 2020 मध्ये त्यांच्या प्रोसिजर कोडमध्ये (व्यापारी कोर्टांच्या कार्यपद्धतीच्या कायद्यात) कलमं 248.1 आणि 248.2 घातलीत, निर्बंधांत सापडलेल्या पार्टीला सिंगापूर सोडून रशियातल्याच कोर्टात जाता येतं. तिकडून काही कागद आला तर ड्रॉवरमध्ये टाकू नका.

धागाकर्ता

ताई, दादा, खूप आभार. आज बँकेत जाऊन मुदतवाढीचा अर्ज देतोय, आणि जर्मन कंपनीला फक्त अॅडव्हान्सची मागणी, भरपाईचा शब्दही नाही. एक राहिलं, तयार आठ पॉवरपॅक इथल्याच दुसऱ्या कुणाला विकले तर सिंगापूरमध्ये आमच्या विरोधात जाईल का? पेट्यांवरचं मार्किंग अजून पुसलेलं नाही.

प्रतिसाद: समुद्रपक्षी

करार संपल्याचं लेखी होईपर्यंत पुसू नका. आधी त्यांना पत्र, मग विक्री. विकलेत की बिल जपून ठेवा, तेवढी रक्कम नुकसानीच्या हिशेबातून वजा होते.