चालू पॅनेलमध्ये नट आवळायचा का?

चाकण मेंटेनन्स:
४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये बसबारचा (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्टीचा) एक जॉइंट तापतोय. प्रॉडक्शनवाले म्हणतात, शटडाउन रविवारी, तोवर चालूतच आवळून घ्या. माझा साफ विरोध आहे. लोड कमी करून द्या, रविवारपर्यंत थांबतो, पण चालूत पाना घालणार नाही. पाना निसटून दोन फेज भिडले तर तिथे हजारो अंशांचा आर्क (विजेची ठिणगी-ज्वाळा) उठतो, तांब्याची वाफ होते. शिवाय हा प्रकार फेज-फेजमधला. अर्थिंगकडे गळतीच नाही, मग आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून सप्लाय तोडणारा स्विच, पडणार कशी?

पॅनेल वायरमन:
मोल्डिंग शॉपमध्ये या, मग बोला. हीटर बंद पडले की मशीनच्या बॅरलमध्ये वितळलेलं प्लास्टिक गोठतं, मशीन परत लाइनवर यायला तास जातात. इन्सुलेटेड पाना, रबरी मॅट, १००० व्होल्टचे हातमोजे आणि मुरलेला माणूस असेल तर काम होतं. हॉटलाइनवाले ४०० केव्हीच्या चालू लाइनवर चढतातच ना?

चाकण मेंटेनन्स:
ती तुलनाच चुकीची आहे. हॉटलाइनच्या माणसांना वेगळं प्रशिक्षण असतं, कामाची पद्धत लिहून ठरलेली असते, पाऊस असेल तर काम होत नाही. आणि त्यांच्याभोवती मोकळी हवा असते. आपल्याकडे दोन फेजमध्ये बोटभर अंतर, समोर पत्र्याचं कपाट. हातमोजे शॉक अडवतील, तोंडावर येणारा आर्क नाही.

कमिशनिंगवाला:
मोजणं आणि आवळणं यांत गल्लत होतेय. व्होल्टेज तपासायला सप्लाय लागतोच, त्यामुळे सरसकट बंदी मला मान्य नाही. पण पाना लावायचा तो बंद पॅनेललाच. आणि मेन पाडला म्हणजे सगळं मेलं असं समजू नका. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) आतल्या डीसी बसवर ५६० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो, तो उतरायला काही मिनिटं लागतात. कॅपॅसिटर पॅनेलचंही तेच, आणि डीजीचा (डिझेल जनरेटरचा) बॅकफीड, म्हणजे उलट बाजूने येणारा सप्लाय, वेगळाच. आधी टेस्टर चालू पॉइंटवर तपासा, मग बंद केलेल्या पॉइंटवर लावा, मग परत चालू पॉइंटवर. हे न करता स्विच कुणी परत चालू करू नये म्हणून कुलूप आणि टॅग लावून काय उपयोग?

पॅनेल वायरमन:
एवढं पटलं. पण नाही म्हणायचं कुणी? मी ठेकेदाराचा माणूस. आज नकार दिला तर उद्या गेटपास मिळत नाही. तुम्ही कंपनीच्या पगारावर आहात, म्हणून विरोध करू शकता.

चाकण मेंटेनन्स:
हे खरं आहे, आणि म्हणूनच हा निर्णय वायरमनवर टाकता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे चालू उपकरणावर काम करायला त्यासाठी नेमलेलाच माणूस लागतो. मग चालूत काम करायचं असेल तर लेखी परमिट काढा, शटडाउन का देता येत नाही ते त्यात लिहा आणि खाली प्लँट हेडची सही घ्या.

पॅनेल वायरमन:
सही प्लँट हेडचीच हवी, हे मात्र ठळक लिहा. नाहीतर ठेकेदाराच्या सुपरवायझरकडून घेतील, आणि त्याची नोकरी माझ्यापेक्षा पक्की नाही.