मॅस्टेक्टॉमीनंतर कामावर परतताना: ब्रामधला फॉर्म जागेवर राहत नाही

मोरपीस:
एका बाजूची मॅस्टेक्टॉमी झाली, म्हणजे स्तन काढला, काखेतल्या लसिका गाठीही काढल्या. जखम भरली आहे, लवकरच रुजू व्हायचंय. काम कॉम्प्युटरवरचं. सध्याचा कापसाचा फॉर्म (ब्रात घालायचा कृत्रिम स्तन) हात उचलला की वर चढतो आणि सगळं लक्ष तिकडेच राहतं. सिलिकॉनचा घ्यावा का? हाताचं काय?

सुईदोरा:
चढणारच, त्याला वजन नाही. तात्पुरतं म्हणून ब्राच्या कपाला आतून मऊ सुती खिसा शिवा, तोंड काखेच्या बाजूला ठेवा, फॉर्म सरकवून दोन टाके घाला. सिलिकॉनचा साधारण 6 ते 8 आठवड्यांनी, सर्जन हो म्हणाल्यावर. रेडिएशन झालं असेल तर आधी त्वचा नीट बरी होऊ द्या, चिकटवायचा प्रकार तर तोवर नकोच.

पण आधी ब्रा, मग फॉर्म. बहुतेक जणी उलट करतात. खालचा पट्टा पाठीवर वर सरकत असेल तर तो सैल आहे. भार खांद्यावर येतो आणि मान दुखते. दुकानात ताठ उभं राहून बघण्यात अर्थ नाही. ऑफिसचे कपडे घालून वाका, वरच्या फळीवरचं काढल्यासारखा हात उचला, खुर्चीत पुढे झुका. ओळखपत्राची पिन कपड्याच्या त्या बाजूला लावू नका, सिलिकॉनला भोक पडतं.

पाऊलवाट:
गाठी काढल्यात, म्हणजे लिम्फिडीमाचा (हाताला सूज येण्याचा) धोका कायमचा. पण म्हणून हात जपून निजवून ठेवू नका, उलट खांदा आखडतो. माउस लांब असला की खांदा पुढे ओढला जातो आणि व्रण ताणतो. कोपर अंगाजवळ, टेकलेलं हवं. अर्ध्या तासाने उठून खांदे फिरवा, मूठ उघडझाप करा. जड बॅग दुसऱ्या खांद्यावर.

काखेतून कोपराकडे दोरीसारखं ताणलेलं जाणवलं तर ते कॉर्डिंग. फिजिओथेरपिस्टला दाखवा, स्वतः ओढू नका. अंगठी किंवा बाही अचानक घट्ट झाली तरी दाखवा. हात लाल, गरम आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. प्रेशर स्लीव्ह (सुजेसाठी हातावर घालायची घट्ट बाही) अंदाजाने विकत घेऊ नका, चुकीच्या मापाची सूज वाढवते.

मोरपीस:
आणि सहकाऱ्यांनी विचारलं तर?

सुईदोरा:
एकच वाक्य ठरवून ठेवा: “ऑपरेशन झालं, आता बरी आहे, कामाचं बोलू या.” साहेबांना मात्र लेखी कळवा: सुरुवातीला कमी तास, जड उचलणं नाही, फिजिओथेरपीच्या वेळा.