'आंब्युस्के'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्सवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'आंब्युस्के' हा शब्द सारखा येतो. खंदकातले सैनिक पिछाडीला सुखरूप बसलेल्यांना असं म्हणत: वशिल्याने कारकुनी मिळवलेला, अपात्रतेचा दाखला काढलेला, दारूगोळ्याच्या कारखान्यात जागा धरून बसलेला धडधाकट तरुण. मी 'पळपुटा' लिहिलं, पण मन मानत नाही. शिवाय युद्धावर गबर झालेल्यांसाठी 'नफेखोर' पुरेसा आहे का?

प्रतिसाद

'पळपुटा' नकोच. पळायला आधी रणात असावं लागतं. दुसऱ्या बाजीरावाला तो शब्द चिकटला तो लढाई सोडून गेल्याबद्दल. आंब्युस्के रणापर्यंत पोचलेलाच नसतो. 'भगोडा'ही त्याच कारणाने बाद. 'कामचुकार', 'अंगचोर' जवळ जातात, पण ते रोजच्या कामाचे शब्द. त्यांत मरण टाळल्याचा आरोप नाही.

शब्दाचं मूळ बघा. इटालियन 'बोस्को' म्हणजे रान. त्यावरून फ्रेंच क्रियापद आलं, अर्थ दबा धरून बसणे. म्हणजे मुळात हा शिकाऱ्याचा, हल्ला करणाऱ्याचा शब्द. सैनिकांनी तो उलटा फिरवला: हासुद्धा लपून बसलाय, पण शत्रूसाठी नव्हे, शत्रूपासून. इटलीतही त्याच युद्धात 'इंबोस्कातो' याच अर्थाने रुळला. मराठीने ही दोन कामं वाटून दिली आहेत. झडप घालायला टपलेला दबा धरतो, जो हवा तेव्हा दिसत नाही तो दडी मारतो. पाऊस दडी मारतो, दबा धरत नाही. तेव्हा 'दडी मारून बसलेला' घ्या.

तयार एकशब्दी नाम आपल्याकडे नाही, याचं एक कारण मला असं वाटतं की भारतीयांवर कायद्याने सक्तीची लष्करभरती कधी आलीच नाही.

प्रतिसाद

'नफेखोर' नि:शंक वापरा. अरबीतून आलेला नफा आणि 'खाणारा' या अर्थाचा फारसी 'खोर'. लाचखोर तसाच. आपल्याकडे हा शब्दही युद्धाच्या टंचाईत तावून निघाला आहे: १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी साठेबाजी-नफेखोरीविरुद्ध वटहुकूम निघाला. मात्र जिथे सैनिक चिडून बोलतो आहे तिथे 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे' लिहा. इटालियन लोक अशांना 'पेशेकाने', म्हणजे शार्क, म्हणत. आपला वाक्प्रचार त्याहून भेदक आहे, कारण त्यात मेलेला माणूस समोर दिसतो.

प्रतिसाद

मला काळजी वेगळीच वाटते. आंब्युस्के हे वर्णन नाही, ती फेकलेली शिवी आहे. कारखान्यातल्या ज्या कातारी-फिटरांना ती बसली, त्यांतल्या कित्येकांना सरकारनेच आघाडीवरून परत आणलं होतं, कारण तोफगोळे संपत आले होते. ऑगस्ट १९१५ च्या दाल्बिएझ कायद्याने एकीकडे दडलेल्यांना हुडकायचं ठरवलं आणि दुसरीकडे याच कुशल कामगारांना कारखान्यात कायदेशीर जागा दिली. लोकांच्या नजरेत त्यांचा डाग त्याने धुतला गेला नाही.

जर्मनीत तर याहून वाईट झालं. तिथला शब्द 'ड्र्युकेबेर्गर', अंग चोरून निसटणारा. ज्यू तसे आहेत अशी ओरड झाली, आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये प्रशियाच्या युद्धमंत्रालयाने सैन्यातल्या ज्यूंची शिरगणती करायचा हुकूम काढला. युद्ध चालू असेपर्यंत आकडे जाहीर केलेच नाहीत, त्यामुळे संशय तसाच राहिला. जर्मन सैन्यात सुमारे १ लाख ज्यू होते आणि त्यांतले सुमारे १२ हजार मेले. ज्या घरातून मुलगा गेला त्या घराला हा शब्द ऐकावा लागला, हे मला अजून सहन होत नाही.

म्हणून मराठीत हा शब्द लेखकाच्या तोंडी घालू नका. कोण म्हणालं ते वाक्यात राहू द्या.

प्रश्नकर्ती

पटलं. 'पॅरिसच्या कचेऱ्या चुकारांनी भरल्या होत्या' हे माझं वाक्य खोडलं. आता असं लिहिलं आहे: 'रजेवर आलेले सैनिक कचेरीतल्या प्रत्येक तरुणाकडे बघून म्हणत, हा दडी मारून बसलाय.'